कोमलचा रंग

एडिटिंगच्या खोलीत मी खुर्चीवर बसले होते. मागे सोफ्यावर नवरीची आई. शाळा-कॉलेजं चालवणाऱ्या एका संस्थेच्या अध्यक्षांची बायको. तिच्या शेजारी आमच्या स्टुडिओचे मालक. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. समोर मॉनिटरवर त्या बाईंच्या मुलीची हळद थांबवलेली.

बाईंनी आधी मला गाव विचारलं. मी सांगितलं, मेडशीकडचं. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं. त्या सोफ्यावर जराशा मागे सरकल्या. मग भाऊंकडे पाहून, पण बोट माझ्याकडे करून म्हणाल्या,

"रंग चांगला उजळ करा. आमची पोरगी हिच्यावानी रोजानं जाणारी वाटाले नको."

भाऊ हसले. मीही हसले.

हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकते. मला कोणी धरून हसवलं नव्हतं. माझी आई त्या वेळी दुसऱ्याच्या वावरात निंदण करत होती, रोजानं, डोक्यावर ऊन घेऊन. आणि मी एसीत बसून तिच्या रंगाला हसले. मग माऊस धरला. नवरीच्या अंगावर मास्क टाकला, म्हणजे तेवढी कातडीच निवडली. रंगाचं चाक फिरवलं. गाल उजळले, गळा उजळला, हातावरची हळद जरा फिकी पडली. बाई पुढे वाकून पाहू लागल्या.

"आता कशी आमची वाटते," म्हणाल्या.

मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. त्याची आज शरम वाटते.

आमच्या वस्तीत कम्प्युटरवर काम करणारी मी पहिली पोरगी. आधी मोबाईलवर व्हिडिओ जोडायला शिकले, मग अकोल्याला मावसबहिणीच्या घरी राहून क्लास केला. मेडशीहून वाशिमला एसटीनं यायचं आणि दिवसभर मशीनवर बसायचं. आई बायांना सांगायची, "माही पोरगी कम्प्युटरवर लगन बनवते." बाया खुरपं थांबवून ऐकायच्या म्हणे.

त्या अध्यक्षांच्या मुलीला जो रंग दिला, त्याचा मी साचा करून ठेवला. प्रीसेट म्हणतात त्याला. एक बटन दाबलं की सगळ्या लग्नाला तोच रंग लागतो. त्याला नाव दिलं 'बंगला'. नाव देताना गंमत वाटली होती. पुढे गंमत संपली आणि सवय उरली. आमच्या वाशिमकडच्या मालेगावची नवरी असो की मानोऱ्याकडच्या तांड्यावरची, उन्हात वाढलेली पोरगी माझ्या मशीनमधून बंगल्यात राहिल्यासारखी बाहेर पडायची. दुसऱ्या स्टुडिओवाले भाऊंना विचारायचे, तुमच्याकडे चेहरे कोण करतं. भाऊ माझ्याकडे बोट दाखवायचे आणि मी खाली मान घालून खूश व्हायचे.

माझा स्वतःचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटोही बंगला लावलेला. आईला दाखवला तेव्हा तिनं मोबाईल हातात धरून बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता परत दिला. मला वाटलं, तिला आवडला.

आणखी एक सांगायला हवं. स्टुडिओत शूटिंग ठेवायच्या दोन जागा होत्या. मोठ्या घरच्या लग्नाचं मूळ शूटिंग, म्हणजे कॅमेऱ्यातून आलं तसंच्या तसं, एका महागाच्या पेटीत जायचं. तिच्यात चार डिस्क. एक बिघडली तरी दुसरीवर प्रत असायची. लहान पॅकेजवाल्यांचं मात्र एका साध्या डिस्कवर. त्यांचा पेनड्राइव्ह त्यांच्या हातात पडला की मूळ शूटिंग डिलीट, कारण पुढच्या लग्नाला जागा लागायची. नियम भाऊंचा होता. डिलीट मी करायचे.

केनवडच्या कोमलचं लग्न त्या साध्या डिस्कवर होतं.

आमच्याच लोकांतलं लग्न. घरापुढे मांडव, कापडी पडदे. कोमल काळीसावळी, तुकतुकीत, आणि हसायला लागली की थांबायची नाही. अक्षता पडतानाही हसत होती. डाव्या भुवईच्या वर जुन्या जखमेची एक खोक होती. तिच्या घरच्यांनी रंगाचं नावही काढलं नव्हतं. व्हिडिओ निघाला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

बंगला मी माझ्या मनानं लावला. वाटलं, आपली पोरगी आहे, सासरचे लोक टीव्हीवर पाहतील, जरा उजळ दिसू दे. माझ्याकडून भेट. त्या खोकीवर तर मी अख्खी दुपार घातली. कोमल हसली की खोक वाकायची, मान वळवली की सरकायची. चेहऱ्याच्या मागे मागे फिरणारं एक टूल असतं, ते लावून मी ती पुसत गेले. शेवटी कपाळ साफ झालं. मोठ्या घरच्या कामावरही मी इतकी मेहनत घेतली नव्हती. कोमलचा भाऊ पेनड्राइव्ह घेऊन गेला आणि त्याच दिवशी मी मूळ शूटिंग डिलीट केलं.

पुढच्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर एक बाई स्टुडिओत आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीतून रुमालाची गाठ काढली. गाठीत आमचाच पेनड्राइव्ह.

"मी केनवडची. कोमलची माय."

"या ना मावशी, बसा. कशी आहे कोमल?"

"गेली वं. बाळंतपनात."

त्याच पुढे बोलल्या. भिंतीले लावाले फोटो पाह्यजे. पोरीचा मोबाईल सासरी राह्यला, ते देत नाहीत. घरी बटनाचा फोन. शाळेतला फोटो आहे, पण त्यात ती एवढीशी.

"आन आधारवर तर कोनीच खरं दिसत नाही," म्हणाल्या.

मी पेनड्राइव्ह लावला. कोमल मान वर करून हसते आहे, अशी एक चांगली जागा पाहून थांबवलं. "हा बघा मावशी, हा सुंदर आहे."

त्यांनी पाहिलं. पडद्याच्या जवळ गेल्या. बोट लावलं.

"हे नाही. माही कोमल काढ. याच्या आतली."

त्यांना वाटत होतं, भिंतीला नवा रंग दिला तरी जुना खाली असतो, तसंच इथेही असेल. वरचं मी खरवडलं की खाली त्यांची पोरगी निघेल. मी त्यांना सांगू शकले नाही की खाली काही नाही. उठून साधी डिस्क लावली. तिच्यात काही नाही हे मला ठाऊक होतं, तरी शोधत राहिले. मग ती महागाची पेटी उघडली. तिच्यात अध्यक्षांच्या मुलीचं लग्न होतं. तिच्या जेवणावळीतल्या रिकाम्या खुर्च्यांचं शूटिंगसुद्धा जसंच्या तसं जपलेलं होतं. कोमल कुठेच नव्हती.

"मावशी, मूळचं राहिलं नाही. मीच..." एवढं बोलले आणि पुढचं गिळलं. "थांबा, मी रंग परत आणते."

रंग परत आणता येत नाही. चेहरा जास्त उजळवला की गालावरचा उजेड सपाट पांढरा होतो. त्या पांढऱ्यात काही उरत नाही. तो खाली ओढला की त्वचेचा रंग येत नाही, राख येते. हे मला क्लासात शिकवलं होतं. तरी मी चाक फिरवत राहिले.

"बिमार दिसून राह्यली," मावशी म्हणाल्या.

मी लाल वाढवला. "आता ताप आल्यावानी."

पिवळा वाढवला. त्यांनी नुसती मान हलवली. मग त्यांनी एकदम माऊसवरचा माझा हात मनगटाला धरून उचलला आणि मॉनिटरवर कोमलच्या गालाशी टेकवला.

"हे पाह्य. असा होता. तुह्या हातावानी."

मॉनिटरवर रंग खरा दिसतो की नाही हे मी नेमानं यंत्र लावून तपासायचे. भाऊंना त्याचं कौतुक होतं. पण इतक्या वर्षांत आपला हात त्या पडद्याला लावून पाहावा असं मला कधी सुचलं नव्हतं. रडू आलं, पण मी रडले नाही. रडण्याचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

तेवढ्यात भाऊ आत आले. काय चाललंय विचारलं. मी सांगितलं. भाऊ तसे वाईट मनाचे नव्हते. हळहळले. मग म्हणाले,

"मावशी, ब्लॅक अँड व्हाइट करून देतो. त्याच्यात काळं-गोरं काई समजत नाही. पैसे नका देऊ."

आणि स्वतःच्याच बोलण्यावर थोडे हसले. मग मला म्हणाले, "लवकर आटप. मालेगावची पार्टी येऊन राह्यली. बंगला लावून ठेव."

मावशी भाऊंकडे पाहून हसल्या. मोठा माणूस बोलला म्हणून हसायचं असतं, तसं. मेलेल्या पोरीच्या रंगावर बोललेलं ऐकून तिची आई हसली. ते हसणं मला चांगलं ओळखीचं होतं.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"ब्लॅक अँड व्हाइट नाही करनार. आन बंगला बी नाही लावनार. मालेगाववाल्यायले नाही, कोनालेच नाही."

भाऊंना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांचा चेहरा उतरला. "गिऱ्हाईक मांगते, आपन देतो. तू कोन ठरवनारी?"

"मावशीच्या पोरीनं मांगतलं नव्हतं. मी लावला."

"मंग घरी बस."

"बसीन. हे काम करून जाईन."

त्यांच्यासमोर मी तो साचा मशीनमधून काढून टाकला. भाऊ दार आपटून गेले. मावशी घाबरल्या. "माह्यापायी तुही नोकरी नको जाऊ देऊ वं," म्हणायला लागल्या. मी त्यांना बसवलं. स्टुडिओच्या कॅमेऱ्यानं खिडकीच्या उजेडात माझ्या हाताचा फोटो काढला. त्यातला रंग उचलून कोमलच्या गालावर, कपाळावर, गळ्यावर भरत गेले. मग खोक. पुसलेली खोक मी माऊसनं काढायला बसले.

"थोडी वर. वर नाही, बाजूनं. लहान कर. तिची लहान होती."

काढता काढता मावशींनी हळूच विचारलं, "तुले एक सांगू? राग नको येऊ देजो."

"सांगा."

"कोमलनं तो पिच्चर एकडावच पाह्यला. मंग ठेवून देला. म्हने, आई, आपल्यातलीच पोरगी हाय मशीनवर. तिले बी मी आवडली नाही."

अध्यक्षांच्या बायकोनं मला जे म्हटलं ते तोंडावर म्हटलं होतं. मी कोमलला एक शब्दही न बोलता तेच म्हटलं होतं, तेही तिच्या लग्नात, आणि वर त्याला भेट समजत होते. माफी मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. जिची मागायची ती राहिली नव्हती. तिच्या आईकडून माफी उसनी घेणं मला पटलं नाही.

फोटो छापून आला. मावशींनी तो दोन्ही हातांत धरला, लांब नेला, जवळ आणला.

"जवळ आली," म्हणाल्या. "पन तेच नाही."

रुमालात गुंडाळून घेऊन गेल्या. आज केनवडच्या त्या भिंतीवर कोमल आहे, आणि तिच्या अंगावर रंग माझा आहे. त्यानं माझं मन हलकं झालं नाही. होऊही नये.

आता मी मालेगावात एका खोलीत जुन्या मशीनवर काम करते. उजेड कमी असेल तर उजेड वाढवते, पण कोणाच्या कातडीला हात लावत नाही. लहान लग्नाचं असो की मोठ्या, मूळ शूटिंग घरच्यांच्या हातात दिल्याशिवाय पुसत नाही. परवा एक नवरी स्वतःच म्हणाली, "ताई, मले गोरी करा ना." मी नाही म्हणाले. ती रडली, तिची आई मला नाही नाही ते बोलली, आणि दोघी दुसऱ्या स्टुडिओत गेल्या. जिल्ह्यात गोरं करणारे पुष्कळ आहेत. कित्येकांनी तो रंग माझ्याकडूनच शिकून घेतला आहे.

आणि लहान लग्नांचे माझे पेनड्राइव्ह अजून घराघरांत आहेत. किती, ते मलाही माहीत नाही. त्यांतल्या एकाचंही मूळ कुठे राहिलेलं नाही. कोणती आई कधी माझ्या दारात येऊन आतली पोरगी काढ म्हणेल, सांगता येत नाही. आली तर मशीन बिघडलं असं मी म्हणणार नाही. मालकाचा नियम होता असंही म्हणणार नाही. तिला खुर्ची देईन, समोर उभी राहीन आणि सांगेन, तुमच्या पोरीचा चेहरा मी पुसला. मग तिनं जे करायचं ते करावं. मी तिथून हलणार नाही.