अंबादासरावांची सकाळची गोळी

१२ फेब्रुवारी, बुधवार. द्वारका. दुपारी छान ऊन पडलं. शेजारच्या अंबादासरावांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं.

अंबादासराव केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण आदेश तंतोतंत पाळायची सवय काही सुटली नाही. त्यांना कंपवात आहे. मेंदूत डोपामीन कमी पडतं, ते गोळ्यांनी भरून काढावं लागतं. डॉक्टरांनी ऑपरेशनआधी उपाशी राहायला सांगितलं, गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर घ्यायची होती. ह्यांनी निर्जळी एकादशीच केली आणि गोळीही टाळली.

ऑपरेशननंतर बराच वेळ झाला, तरी ते डोळे उघडेनात. त्यांची बायको अलका माझा हात सोडेना. "ताई, उठतील ना हो?"

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सुबह की गोली दी थी?"

अलकानं नकारार्थी मान हलवली. बाई म्हणाल्या, जागं व्हायलाही मेंदूला डोपामीन लागतं. मग त्यांनी नाकातून पोटात घातलेल्या नळीतून चुकलेल्या गोळीचं औषध दिलं.

तासाभरानं अंबादासरावांनी डोळे उघडले. "अलका, आता उपास सोडू का?"

"सोडा. आदेश आलाय," अलका डोळे पुसत म्हणाली.

संध्याकाळी तिला मुगाची खिचडी नेऊन दिली. घरातलं तूप संपलं.