दोन हुकूम

कीबोर्डवर धुतलेलं फडकं घालायचं. नवी आज्ञा आधी वहीत लिहायची, मग कॉम्प्युटरला द्यायची. एंटर दाबताना श्वास रोखायचा. जुनी ओळ खोडायची नाही, "लागेल कधी" म्हणून.

धायरीच्या नागोराव कांबळ्यांच्या या सवयी आम्रपालीला पाठ आहेत. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ती शेजारची, मराठीत एम. ए. केलेली. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून ते इंटरनेटवरचे व्हिडिओ उतरवून घेतात. दोन आज्ञा एकमेकींच्या आड आल्या तर कोण जिंकतं, ते मुद्दाम करून बघतात आणि वहीत निकाल लिहितात.

त्या शनिवारी मात्र प्रयोग नव्हता. वस्तीतल्या जुन्या भीमजयंत्यांचे त्रेचाळीस व्हिडिओ एका चॅनेलवर होते आणि चॅनेलवाला ते संध्याकाळी सहाला बंद करणार होता. मूळ कॅसेटी बुरशीने गेलेल्या. एका व्हिडिओत मथुराबाई गात होत्या, नागोरावांच्या पत्नी. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

सकाळपासून चाललेलं काम दुपारी चारला संपलं. नागोरावांनी पहिली फाइल उघडली. आवाज आला, चित्र नाही. दुसरीही तशीच. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस.

त्यांनी कायमच्या आज्ञांची फाइल उघडली; कॉम्प्युटर दर वेळी आधी ती वाचतो. तिथे मागच्या वर्षीची ओळ होती: फक्त आवाज ठेव. आम्रपालीला प्रबंधासाठी गाणी हवी होती, तेव्हा लिहिलेली; त्यानंतर त्यांनी गाणीच उतरवली होती. आज त्यांनी सांगितलं होतं, उत्तम चित्र आण. कॉम्प्युटरने चित्र आणलं, त्यातला आवाज काढून घेतला आणि चित्र पुसून टाकलं.

आम्रपालीने ती ओळ वाचली. माझ्यामुळे झालं, म्हणाली.

"तुझं कसलं? ओळ मी ठेवली. आणि यंत्राला काय बोलायचं? खात्यात दोन साहेब असले की मीही दोघांचं ऐकायचो. कामाची वाट अशीच लागायची."

त्यांनी वहीत निकाल लिहिला. कायमची फाइल वाचू नकोस, अशी आज्ञा जोडून एक छोटा व्हिडिओ उतरवला. चित्र आलं. पण सगळे आता होणार नव्हते. भाषणांना आवाज पुरे, म्हणून ती गाळली. उरले एकोणीस. आम्रपालीने यादीत मथुराबाईंचा पहिला ठेवला. नागोरावांनी तो शेवटी नेला.

"काका, अहो, काकूंचा..."

"तिचा आवाज आलाय. चेहरा मला पाठ आहे. आपल्या वस्तीतल्या कचरूच्या घरात त्याच्या आईचा एक फोटो नाही, ती यात दिसते."

कोणाच्या घरात फोटो नाही, हे त्यांना घरागणिक ठाऊक होतं. त्या घरांचे व्हिडिओ आधी, अशा क्रमाने त्यांनी यादी लावली.

सहा वाजले तेव्हा अठरा आले होते. एकोणिसावा बासष्ट टक्क्यांवर थांबला.

पुढच्या आठवड्यात आम्रपालीने अठरा घरी पेनड्राइव्ह पोचवले. अर्धवट फाइल नागोरावांनी पुसलेली नाही. रोज सकाळी चहा झाला की ते फडकं बाजूला करतात, थांबलं तिथून पुढे आण, अशी आज्ञा देतात आणि श्वास रोखून एंटर दाबतात.

आकडा बासष्टवरच आहे.