फोटोसाठी छाटलेल्या फांद्या

लोरिसला उडी मारता येत नाही. नव्वदच्या दशकात हे वाक्य आमच्या सरांनी किती वर्गांत आणि किती सभांत ऐकवलं असेल, त्याला गणती नाही. मी तेव्हा बेंगळुरूत हेब्बाळजवळच्या एका कॉलेजात त्यांच्या हाताखाली प्राणिशास्त्राचं संशोधन करत होते. कॉलेजच्या आवारातल्या झाडांवर राहणारी लोरिसची एक मादी हा आमचा विषय. मांजराच्या पिल्लाएवढी, बिनशेपटीची, बटबटीत डोळ्यांची ही बाई माकडांच्या, म्हणजे पर्यायाने आपल्याही, लांबच्या नात्यातली.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं, कापडाच्या धंद्यातलं. वडील म्हणायचे, "अगं, माकडं बघायला एम.एस्सी. कशाला करायला हवी? दुकानासमोर स्वल्प वेळ उभी राहा, फुकटात दिसतील."

मला मात्र त्या मादीचं वेड लागलं होतं. खार खोडात नख्या रुतवून चढते आणि खुशाल झेप घेते. लोरिसला आपल्यासारखी चपटी नखं. ती करंगळीएवढी फांदी मुठीत धरते आणि पुढचा हात पक्का बसल्याशिवाय मागचा पाय सोडत नाही. बारीक फांद्यांच्या टोकाशी किडे धरून खाणाऱ्या कुणा पूर्वजापासून आपला हात असाच घडत आला असावा, असं सरांचं म्हणणं. म्हणून एकाच झाडावर खार कशी चालते आणि लोरिस कशी चालते, ते आम्ही टिपत होतो. ती रात्रीच हिंडायची; म्हणून दिवस मावळला की, तिचे डोळे दिपू नयेत यासाठी टॉर्चला लाल जिलेटिन पेपर गुंडाळून मी झाडाखाली उभी राहायचे. मान अवघडायची, पण घरी जावंसं वाटायचं नाही.

मग परिषद जवळ आली. सरांना तिच्या मुठीचा स्वच्छ फोटो हवा होता आणि पानं आड येत होती. त्यांनी माळ्याला फांद्या छाटायला सांगितल्या.

मी म्हटलं, "सर, या फांद्या पलीकडच्या झाडाला टेकतात. तिचा जायचा रस्ताच तो आहे."

"सरी अम्मा, सरी," बरं बाई, बरं अशा सुरात सर हसून म्हणाले. "ती शोधेल दुसरा."

दुसरा रस्ता फक्त जमिनीवरून होता. हे सरांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? त्यांच्याच लेखाचा पहिला परिच्छेद होता तो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

फोटो सुरेख आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडलेली दिसली. आवारातल्या कुत्र्यांनी तिला फाडलं होतं. मी तिथेच मातीत बसून रडले. सर आले, वाकून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल.

"फॉर्मलिन आण," ते म्हणाले. "हाताचे स्नायूही बघून होतील."

तेही झालं. परिषदेत पडद्यावर तिची मूठ भिंतभर झळकली, टाळ्या पडल्या. मी मागे बसले होते आणि सरांची मला मनापासून किळस आली. शेवटी एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "ही मादी अजून तुमच्या आवारात दिसते का?"

सरांनी चष्मा पुसला. "नाही हो," ते हळहळून म्हणाले, "शहर फार वाढलं."