मीठ पडलं

मीठ टाकायच्या आधी मावशी मूठ वर धरायच्या. भांड्यावर नाही, चांगली खांद्याच्या वर. सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघायच्या, मग मूठ खाली सोडायच्या आणि खणखणीत आवाजात म्हणायच्या, "मीठ पडलं." समोरच्यानं "पडलं" म्हटल्याशिवाय पळी हलायची नाही. कार्यातल्या आचाऱ्यांची गडबड तुम्हीही बघितली असेल, पण चिमूटभर मिठासाठी अख्खा स्वयंपाक थांबवणारी बाई मी दुसरी बघितली नाही.

मी बीडमधल्या एका लहान खाजगी दवाखान्यात सिस्टर आहे. मावशी चौसाळ्याच्या. हळद असो, बारसं असो, भंडारा असो, आसपासच्या गावांत मोठं जेवण म्हटलं की त्यांनाच बोलावणं जायचं. आमच्याकडे त्या आल्या डॉक्टरांच्या एका खुळामुळं, आणि त्या खुळाला कारण मी आणि संगीता.

संगीताही सिस्टरच. भाऊबीजेची सुट्टी आम्ही दोघींनी मागितली आणि मिळाली तिला. माझा भाऊ गेवराईहून येऊन, वाट बघून परत गेला. तेव्हापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. तीही काही कमी नाही, तिनंही टाकलं. असे पाच महिने गेले. ड्युटी बदलताना ती आत आली की मी मान वळवून बाहेर.

एका दुपारी मी वॉर्डातल्या एका आजोबांना जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं आणि वहीत लिहायचं राहिलं. संगीता आली, तिला वही कोरी दिसली, तिनं परत दिलं. मी शेजारच्या खोलीत केस विंचरत होते. तिनं एक हाक मारली असती, नाहीतर मी जाता जाता एक शब्द बोलले असते, तरी भागलं असतं. आजोबांना दरदरून घाम फुटला, बोलणं बरळल्यासारखं व्हायला लागलं. डॉक्टर खालीच होते, लगेच ग्लुकोज लावलं म्हणून निभावलं.

डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "एक महिना बघतो," म्हणाले. "तुम्ही बोलत नसाल तर दोघींपैकी एकीलाच ठेवीन." माझ्या घरात पगार माझा एकटीचा. लेक बारावीला. त्या दिवशी मी जेवले नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टर पुण्याला कुठल्याशा बैठकीला गेले आणि तिथं ऐकून आले की मोठ्या कंपन्या आपल्या माणसांना एकत्र स्वयंपाक करायला लावतात. त्याला टीम बिल्डिंग म्हणतात. झालं, चार शनिवार, दुपारी तीनला, दवाखान्याच्या गच्चीवर सगळ्यांनी यायचं, पाळीनं एक सिस्टर तेवढी खाली थांबायची, असं ठरलं. आमचे कंपाउंडरकाका म्हणाले, "घरी मी तांब्या उचलत नाही, इथं कांदे चिरू?" चिरले मात्र त्यांनीच सगळ्यात जास्त.

मावशी पहिल्या शनिवारी एसटीनं आल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, काष्ट्याचं लुगडं, आणि काखेत फडक्यात गुंडाळलेली स्वतःची पळी. वजनकाटा नाही, वाटी नाही. आल्या आल्या डॉक्टरांच्या हातात लसणाच्या पाकळ्या दिल्या. डॉक्टरांनी कात्री काढली तर म्हणाल्या, "नखानं सोला डाक्टर. लसून हाय, टाके न्हाई काढायचे."

येसर आमटी करायची होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. आमच्याकडं कार्यात त्याची आमटी नसली तर पाहुण्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही. मावशींनी कामं वाटून दिली आणि बाजूला पोत्यावर बसून राहिल्या. मिठाचं कुणाला सांगितलंच नाही. आमटीला उकळी आली तसं मी मीठ टाकलं. मी टाकलेलं संगीतानं बघितलं नाही, तिनं टाकलं. कंपाउंडरकाकांना वाटलं या दोघी कुठल्या एकमेकींना विचारणार, म्हणून त्यांनीही टाकलं.

पहिला घोट डॉक्टरांनी घेतला आणि गच्चीच्या कठड्याकडं पळाले. मावशींनी बोट बुडवून चाखलं, चेहरा तसाच ठेवला. "कावून गं, कशापायी असं केलं," आम्हा दोघींकडं बघत म्हणाल्या, "तोंडात जिबा न्हाईत का?" मग उठल्या, पाणी ओतलं, येसर वाढवलं, एका भांड्याची तीन भांडी आमटी केली आणि पेशंटच्या नातेवाइकांना बोलावून जेवायला घातली. रागावणं असं काही नाही. भाकरी मोडत लोक म्हणत होते, लई झ्याक झाली.

दुसऱ्या शनिवारी मात्र त्यांनी नेम घालून दिला. मीठ संगीतानं टाकायचं, जबाब मी द्यायचा. संगीतानं मूठ वर धरली, खाली सोडली, भिंतीकडं बघत पुटपुटली, "मीठ पडलं." मी कशाला देऊ जबाब? आमटी उकळत राहिली. सगळे ताटं घेऊन बसलेले. कंपाउंडरकाका खाकरले, डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मावशी पदरानं वारा घेत म्हणाल्या, "आटू द्या. माझी एस्टी सांजच्याला हाय." आमटीचं पिठलं व्हायला आलं तेव्हा माझ्या तोंडून "पडलं" निघालं. तेवढ्यानंच मला घाम आला. मावशींनी लगेच पळी फिरवली.

सोमवारी दुपारी ड्युटी बदलायच्या वेळी मी एका पेशंटला इन्सुलिन दिलं आणि आपसूक मोठ्यानं म्हणून गेले, "दिलं." संगीता मागं एप्रन चढवत होती. तिनं आधी बंद बांधला. मग ती म्हणाली, "दिलं." खोटं कशाला सांगू, मी तिथंच पेशंटसमोर रडले. पेशंट बिचारा म्हणाला, सुई मला टोचली, तुम्ही कावून रडता? संगीतानं माझ्या हातातली वही घेऊन स्वतःच लिहिलं. पुढच्या दिवाळीला माझी सुट्टी मागायला तीच डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरांनी महिन्याची गोष्ट परत काढली नाही. "दिलं" म्हणायचा नेम मात्र सगळ्या दवाखान्याला लावून दिला.

मावशींनी आमचं भांडण कशावरून, हे एकदाही विचारलं नाही. चौथ्या शनिवारी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले तेव्हा आपणहून म्हणाल्या, "मी आन् माझी जाऊ, एका लग्नात मिळून रांधीत होतो. बोलत नव्हतो. दोघींनी बी मीठ टाकलं. पंगत बसलेली, लोक घास तोंडातनं काढून ठिवायले. पोरीच्या बापाचं तोंड अजून दिसतं मला." एवढं बोलून एसटीत चढल्या. एक चूक उराशी धरून या बाईनं शेकडो पंगती गोड केल्या. अशी माणसं किती भेटतात तुम्हाला?

गेल्या वर्षी त्या आमच्याच दवाखान्यात दाखल झाल्या. पायाला सूज, चार पावलं टाकली की दम. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. अळणी वरण बघून म्हणाल्या, "समदा जल्म मिठात गेला, आन् आता ह्ये." पण ताट कधी परत पाठवलं नाही. कुणीतरी रांधलंय म्हणायच्या.

एक दिवस सकाळी मी त्यांना इंजेक्शन देत होते. डोळे मिटलेले, झोप लागली असेल असं वाटलं. मी हळूच म्हटलं, "दिलं." वहीजवळून संगीता म्हणाली, "दिलं." आणि खाटेवरून, डोळे न उघडता, मावशी म्हणाल्या, "दिलं." संगीतानं तोंडाला पदर लावला. मी मावशींचा हात हातात घेतला, तो खरखरीत होता आणि गरम होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी घरी जायचा हट्ट धरला आणि मुलानं त्यांना चौसाळ्याला नेलं. आठवड्याच्या आत त्या गेल्याचा निरोप आला.

त्या खाटेवर आता दुसरे पेशंट येतात, जातात. तिथं इंजेक्शन दिलं की मी म्हणते, "दिलं." संगीता म्हणते, "दिलं." मग आम्ही दोघी थोडं थांबतो, आणि त्यानंतर वहीत लिहितो.