तीन रंगांची भिंत

मांजरसुंब्याच्या एका धाब्याची भिंत तीन रंगांच्या विटांची आहे. खाली काळपट, मध्ये लाल, वर पिवळट. मालकाचं नाव मी कधी विचारलं नाही.

परवा तिथे चहाला थांबलो, तेव्हा मॉल बांधून भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीचा अहवाल वाचत होतो. निवृत्तीचे पैसे तिच्या शेअरमध्ये घालायचे होते; चहा घेऊन आलेल्या मालकाला तसं सांगितलंही. सहज म्हणालो, ''विटा एकसारख्या नाही मिळाल्या का?''

म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यानं भिंतीवरून हात फिरवला. ''वर्साला धंद्यातून जेवढं उरतं तेवढ्याच विटा आनतो, दर खेपंला रंग येगळा. उरलं न्हाई की काम बंद. तुमची कंपनी कसं करती?''

''भाड्यातून शंभर रुपये हाती आले, तर नव्या इमारतींवर दोनशे घालते.''

''वरचे शंभर कोनाचे?''

''कर्जाचे. आणि आमच्यासारख्यांचे.''

त्यानं अहवाल उचलून टेबल पुसलं. मुखपृष्ठावरची काचेची इमारत बराच वेळ न्याहाळली.

''मग सोताच्या कमाईनं कुठवर बांधलं, ते वळखायचं कसं?''

मीही चित्राकडे पाहिलं. तळापासून वरपर्यंत काच एकाच रंगाची होती.