उकिडवा पुतळा

तिला कुणी ‘हे जमणार नाही’ म्हटलं की ती खेळताना तोंडावर बांधलेली जाळी कपाळावर सरकवायची, समोरच्याकडे नीट बघायची आणि विचारायची, “कोण म्हणतं?” मैदानाबाहेर जाळी नसायची, तेव्हा चष्मा सरकवायची. मग बोलणाऱ्याचीच बोलती बंद व्हायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण ती वाद घालतच नाहीत.

मी पुण्याहून नॉटिंगहॅमला आलो तेव्हा तिशीत होतो. सॉफ्टवेअरची नोकरी होती आणि रविवार पूर्ण रिकामा असायचा. पाय मुरगळला म्हणून हॉस्पिटलमध्ये गेलो, तर एक्स-रे काढायला ती. फॉर्मवरचं नाव वाचून तिने सरळ मराठीत विचारलं, “जिन्यावरून पडलास की खेळताना?”

“बसमधून उतरताना.”

“म्हणजे खेळत नाहीस. हात चांगले लांब आहेत तुझे. पाय बरा झाला की रविवारी ग्राउंडवर ये.”

ग्राउंड बेसबॉलचं निघालं. मला तो खेळ ओ की ठो कळत नव्हता. तिने मला तो असा समजावला: “पिचर चेंडू टाकतो, कॅचर धरतो. बाकीचे सात जण आपणही काहीतरी करतोय असं दाखवतात.” कॅचर ती स्वतः होती. काम आपल्या विकेटकीपरसारखं, फक्त फलंदाजाच्या मागे सतत उकिडवं बसून करायचं. तिने मला पिचर केलं आणि पुढची अकरा वर्षं मी तिच्याकडे चेंडू टाकत राहिलो.

ती जळगावची, कॉलेजच्या टीममधून सॉफ्टबॉल खेळलेली. लग्न होऊन इथे आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात या बेसबॉल क्लबात गेली. तिथल्या पुरुषांनी सांगितलं, बायकांचा सॉफ्टबॉल बुधवारी असतो.

“सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा असतो,” ती म्हणाली. “तुमचा लहान आहे म्हणून मला दिसणार नाही का?”

त्यांनी गंमत म्हणून तिला पॅड बांधून बसवलं आणि सगळ्यात जोरात टाकणाऱ्याला बोलावलं. तो टाकून टाकून दमला. त्या दुपारी तिची उजवी करंगळी मोडली, पण तिने कुणाला कळू दिलं नाही. सोमवारी कामावर गेल्यावर मैत्रिणीला म्हणाली, “आज पहिला पेशंट मी.” त्यानंतर तेवीस वर्षं ती जागा तिचीच होती.

सामन्यात माझा धीर सुटला की ती उठून माझ्यापर्यंत चालत यायची. समोरच्या टीमला वाटायचं, काहीतरी डावपेच शिजतोय. ती विचारायची, “रात्री भरीत खायला येतोस का? इथली वांगी म्हणजे नुसतं पाणी, पण मिरच्या माहेरच्या आहेत.” मी “येतो” म्हणालो की परत जाऊन बसायची. पुढचा चेंडू बहुतेक वेळा सरळ जायचा.

शेवटी गुडघे गेले. दोन्ही बदलावे लागले आणि तिचा खेळ थांबला. सायकलच्या कारखान्यात आयुष्य काढलेला एक म्हातारा वेल्डर आमच्या क्लबात होता. महिन्यातून दोन वाक्यं बोलणारा. त्यातलं एक वाक्य त्याने यासाठी वापरलं: “मी हिचा पोलादी पुतळा करतो.”

पॅव्हिलियनमध्ये मीटिंग भरली. अध्यक्षाने चित्र करून आणलं होतं. त्यात ती उभी होती, हेल्मेट काखेत, हसतमुख आणि अंगावर चक्क साडी. “तुमच्या संस्कृतीचा सन्मान म्हणून,” तो म्हणाला. माणूस मनाने खरंच चांगला होता.

तिने चित्र बराच वेळ पाहिलं. “साडी नेसून मी एकदाच चेंडू धरलाय. हळदीकुंकवाला, भाचीचा, प्लास्टिकचा. आणि उभी का?”

बसलेला पुतळा भारदस्त दिसत नाही, असं काहीतरी अध्यक्ष चाचरत म्हणाला. मराठी मंडळाचे एक ज्येष्ठ काकाही आले होते. त्यांनी मराठीत भर घातली, “अगं, बाईमाणसाने असं उकिडवं बसायचं, तेही कायमचं? येणारे-जाणारे काय म्हणतील?”

चष्मा कपाळावर गेला. “कोण म्हणतं, काका? नाव सांगा.”

काका चहाच्या कपात बघू लागले.

“तेवीस वर्षं मी खाली बसले म्हणून बाकीच्यांना उभं राहून खेळता आलं. चित्रातली ही बाई कोण, मला माहीत नाही. तिचा पुतळा खुशाल उभारा, पण माझं नाव लावू नका.” हेच तिने इंग्रजीतही सांगितलं, जरा कमी शब्दांत.

अध्यक्ष हळूच म्हणाला, “पण आता तुम्हाला तसं बसता येत नाही. हा वेल्डर कुणाकडे बघून पुतळा करणार?”

खरंच येत नव्हतं. सर्जनने सक्त मनाई केली होती. घरी नवरा तिला खालच्या कप्प्यातला डबाही काढू देत नसे.

तिने कार्डिगन काढून माझ्या हातात दिलं आणि खाली बसायला लागली. अर्ध्यावर थांबली. ओठ पांढरे पडले होते. मग पूर्ण बसली. डावा हात पुढे, उजवा पाठीमागे, मान वर. “ड्रॉ,” ती वेल्डरला म्हणाली.

तो मिळेल त्या कागदावर रेघोट्या ओढू लागला. खोलीत फक्त पेन्सिलचा आवाज. तिच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. मी पुढे झालो.

“हात लावू नकोस,” ती म्हणाली. “चित्रात येशील.”

उठलीही स्वतःच, टेबलाचा पाय धरून. अध्यक्षाने आपलं चित्र घडी करून खिशात घातलं आणि विचारलं, “मग गेटजवळ बसवू या?”

“गेटजवळ चेंडू येत नाहीत,” ती म्हणाली. सामन्याआधी पिचर हात मोकळा करतात, तो कोपरा तिने दाखवला.

घरी सोडायला निघालो तेव्हा गाडीत ती रडली. “ताई, हॉस्पिटलमध्ये जायचं का?” मी विचारलं. “नको. फार दुखतंय रे. कुणाला सांगू नकोस.” इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुतळा झाला. चौथरा नाही, थेट जमिनीवर बसवलेला. काका त्याच्याभोवती दोनदा फिरले, पाठीमागे लपवलेल्या हातापाशी वाकले आणि म्हणाले, “करंगळी बरोबर वाकडी आलीय.” तिने त्यांना आणखी काही बोलायला लावलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. दुखणं पोटाचं, तीन महिन्यांचं. शेवटच्या आठवड्यात तिने मला विचारलं, “सीझन कधी सुरू होतोय?”

“एप्रिलमध्ये.”

“मग खांदा मोकळा ठेव,” ती म्हणाली.

खांदा आता कुरकुरतो. तरी रविवारी सगळ्यांच्या आधी मी त्या कोपऱ्यात जातो आणि साठ फुटांवरून चेंडू टाकतो. तो पोलादी हातमोज्यावर टण्णकन आपटतो आणि गवतात पडतो. ती होती तेव्हा मला जागचं हलावं लागत नसे, चेंडू आपोआप माझ्या हातात परत यायचा. आता चालत जाऊन आणावा लागतो. परवा टीममधल्या एकाने विचारलं, हे किती दिवस चालणार? मी चेंडूला लागलेलं दव पँटला पुसलं आणि साठ फूट मागे चालत गेलो.