शेकाट्यांचे पाय

फाल्गुनात आमच्या डोंगरातल्या तलावाचं पाणी मागे सरकायचं आणि उघड्या चिखलावर पाखरं उतरायची. लांब लाल पायांच्या शेकाट्या आणि त्यांच्या पायांत लुडबुडणारे बारके तुतवार. उत्तरेकडे जाण्याआधी दिवसभर चोची खुपसून खायची. सासरे त्यांच्याकडे नीट बघायचे, कारण जनावर पाण्यावर कुठून न्यायचं ते पाखरांवरून ठरवायचे. शेकाटीचा पाय वरपर्यंत उघडा दिसला, तर तळ घट्ट. पोटाला पाणी लागलं, तर तिथं जायचं नाही.

मग त्यांना मोतीबिंदू झाला. ते आंधळे होते त्या काळात गावाने तलावातला गाळ उपसून शेतांत टाकला. खड्ड्यांत पावसाळ्यात नवा गाळ भरला. वरून सगळं सारखंच दिसायचं.

लढाईच्या दिवसांत मिरजेला ऑपरेशन करून, जाड भिंगांचा चष्मा लावून ते परतले. तेव्हा घरात एक तान्हं पोर होतं. धाकटी जाऊ त्याच्या बाळंतपणात गेली होती आणि दीर पलटणीबरोबर समुद्रापार होता. पोर आमच्या एकुलत्या एका म्हशीच्या दुधावर जगत होतं.

दुसऱ्याच दिवशी सासरे म्हैस घेऊन तलावावर निघाले. पोराला काखेत घेऊन मी मागोमाग.

"लय दिसांनी पाखरं दिसली गं! त्या शेकाट्या बघ, सगळा पाय उघडा. तिथनंच घालतो."

"आवं मामा, तिथला गाळ काढलाय. खड्डा हाय."

"खड्ड्यात पाखरू उभं ऱ्हाईल व्हय?"

"पाखराला वजन कुठं असतंय?"

"मी आंधळा हुतो तवा लय शाणी झालीस. आता डोळं हायेत मला. गप."

म्हैस थोडी आत गेली आणि पोटापर्यंत रुतली. मी हाका मारून माणसं आणली. शिंगांना नाडा बांधून ओढलं, तर ती धडपडून आणखी खाली गेली. सांजेला नुसतं डोकं वर होतं. उडालेली पाखरं परत आली आणि तिने उकरलेल्या चिखलातले किडे टिपायला लागली. सासरे त्यांना ढेकळं मारत होते.

"म्हातारबा, त्यांस्नी का मारता?" एकजण म्हणाला. "त्यांनी बोलावलं हुतं व्हय म्हशीला?"

उन्हाळ्यात गावच्या म्हशी आटलेल्या. वाटी घेऊन मी दारोदार फिरले. कुणी दिलं, कुणी दार लोटलं. पाणी घातलेलं शेळीचं दूध पाजलं, पेज पाजली. पोराला हगवण लागली आणि ते चैत्रात गेलं.

लढाई संपल्यावर दीर रजेवर आला. त्याने पोराचं तोंडही बघितलं नव्हतं.

"काय झालं हुतं?" त्याने बापाला विचारलं.

"हगवण."

"आन् म्हस कुठाय?"

सासरे चष्मा काढून धोतराला पुसायला लागले. दीर माझ्याकडे वळला. "वैनी?"

मी घडलं तसं सांगितलं. सासरे समोरच बसले होते. दीर जेवला नाही. रजा उरली होती तरी सकाळी ट्रंक उचलून गेला, आणि पुढं घरी आला नाही.

सासरे मरेपर्यंत माझ्या हातचं जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत. मलाही त्यांच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.